निकाल ठरलेल्या शर्यतीत बघायचे काय?

१९८० साली अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीने अटारी २६०० या घरगुती यंत्रासाठी ‘ड्रॅगस्टर’ नावाचा खेळ काढला. डेव्हिड क्रेन त्याचा कर्ता. पडद्यावर दोन गाड्या, एक वर आणि एक खाली. रस्ता सरळ, वळण एकही नाही. खेळणाऱ्याने गिअर बदलत राहायचे आणि इंजिन फुटू न देता गाडी शेवटच्या रेषेपार न्यायची, बस. हात बसलेला माणूस हे सहा सेकंदांच्या आसपास उरकतो. यंत्राच्या मदतीने एकेक क्षण पारखून हीच शर्यत धावली, तर घड्याळ ५.५७ सेकंदांवर थांबते. त्याखाली ते उतरत नाही.

ही चित्रफीत कुणाला दाखवली तर ‘बरं, मग?’ एवढेच उत्तर येईल. पण तिच्यामागची हकीकत ऐकली की तोच माणूस ती पुन्हा लावायला सांगतो. टॉड रॉजर्स या अमेरिकी खेळाडूच्या नावावर १९८२ पासून ५.५१ सेकंदांचा विक्रम होता आणि गिनेसच्या पुस्तकानेही तो मानला होता. २०१७ मध्ये एरिक कोझील या स्पीडरनरने खेळाचा कोड उलगडला, त्यातले गणित मांडले आणि ५.५७च्या खालची वेळ या खेळात निघूच शकत नाही असा निष्कर्ष काढला. जानेवारी २०१८ मध्ये ट्विन गॅलक्सीज या विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेने रॉजर्सचे विक्रम यादीतून काढले. पाठोपाठ गिनेसनेही तेच केले. हे कळल्यावर त्या सहा सेकंदांकडे पाहण्याची नजर बदलते. चित्र मात्र तेच, तसूभरही न बदललेले.

शर्यतीच्या व्हिडिओ गेममधला यंत्रसाहाय्याने केलेला स्पीडरन नेमका कशामुळे बघावासा वाटतो, हा वाद वीसेक वर्षे चालू आहे. त्यात कोण काय म्हणते आणि गाडे कुठे अडले आहे, ते पुढे क्रमाने मांडले आहे.

टॅस म्हणजे काय, आणि काय नाही

स्पीडरन म्हणजे एखादा खेळ शक्य तितक्या कमी वेळात पुरा करणे. टूल-असिस्टेड स्पीडरन, बोलीभाषेत टॅस, हे काम हातांच्या वेगावर सोडत नाही. खेळ संगणकावरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे मूळ यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवतात. तिथे तो एकेक फ्रेम पुढे सरकवता येतो. जुन्या जपानी-अमेरिकी यंत्रांवर सेकंदाला साधारण ६० फ्रेम असतात, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात कोणते बटण दाबायचे याचा निर्णय शांतपणे, चहा पीत घेता येतो. चूक झाली तर आधीच जपून ठेवलेल्या जागेवर परत जायचे आणि पुन्हा सुरू करायचे. असे हजारो वेळा. शेवटी हाती येते ती बटणांची एक लांबलचक यादी.

हे चीट कोडसारखे नव्हे. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘रोड रॅश’ खेळलेल्या पिढीला चीट कोड सांगायला नको. तिथे खेळाचेच नियम बदलतात, नको तिथे नायट्रो मिळतो. टॅस खेळाला हातही लावत नाही. त्यातले प्रत्येक बटण कंट्रोलरवरून दाबता येण्याजोगे असते, फक्त तितक्या अचूकपणे दाबणारा माणूस नसतो. २०१४ च्या ‘ऑसम गेम्स डन क्विक’ या धर्मादाय कार्यक्रमात टॅसबॉट नावाच्या यंत्रमानवाने अशी यादी खऱ्या सुपर निन्टेन्डोच्या कंट्रोलरच्या जागी जोडून दाखवली, तेव्हा ‘हे सगळे एम्युलेटरमधले खोटे असते’ या आक्षेपाची धार बरीच बोथट झाली. (त्या दिवशी ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मधून पाँग आणि साप असे वेगळेच खेळ बाहेर काढून दाखवले होते. पण तो शर्यतीचा प्रांत नव्हे.)

वादाची पार्श्वभूमी

सुरुवात शर्यतीतून झाली नाही. १९९३ च्या ‘डूम’मध्ये खेळ नोंदवून पुन्हा बघण्याची सोय होती. १९९७ च्या अखेरीस त्याचा कोड खुला झाला आणि १९९९ मध्ये तो थोडा बदलून खेळ संथ करून, तुकड्यातुकड्यांत नोंदवण्याची युक्ती निघाली. ‘टूल्स-असिस्टेड’ हे विशेषण त्याच सुमाराला रूढ झाले.

खरी खळबळ २००३ मध्ये उडाली. मोरिमोटो या टोपणनावाच्या जपानी खेळाडूने ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ सुमारे अकरा मिनिटांत संपवलेली चित्रफीत जगभर फिरली. बघणाऱ्यांना वाटले, हा माणूस हातानेच इतका अचाट खेळतो. ती एम्युलेटरवर फ्रेम-फ्रेम करून बनवली आहे हे कळल्यावर अनेकांना फसवल्यासारखे वाटले. मोरिमोटोने काही लपवले नव्हते, पण ती माहिती चित्रफितीबरोबर प्रवासाला निघालीच नव्हती. त्याच वर्षाच्या शेवटी बिस्क्विट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिनिश प्रोग्रॅमरने अशा चित्रफिती, त्या कशा बनवल्या हे उघड सांगून, एकत्र ठेवायला सुरुवात केली. पुढे त्यातूनच ‘टॅसव्हिडिओज’ हे संग्रहालय उभे राहिले.

फसवणुकीच्या त्या आरोपामुळे टॅसवाल्यांनी आपली भूमिका आरंभीच ठरवून टाकली: आम्ही स्पर्धा करत नाही, आम्ही करमणूक करतो. त्यामुळे आलेल्या चित्रफितीबद्दल बघणाऱ्यांना पहिला प्रश्न ‘ही किती जलद आहे?’ असा विचारला जात नसे. ‘ही मनोरंजक वाटली का?’ असा विचारला जाई. मारिओ, सोनिक, मेट्रॉइड या प्रश्नातून सहज पार होत. शर्यतीचे खेळ मात्र अडखळत. २०१० नंतरच्या दशकात ‘व्हॉल्ट’ म्हणजे तिजोरी नावाचा वेगळा कप्पा केला गेला. करमणूक नसली तरी वेळेचा विक्रम असेल तर चित्रफीत तिथे ठेवायची. पुढे ही रचनाही बदलली. पण ‘जलद आहे, कंटाळवाणे आहे, तरी जपून ठेवू’ असे म्हणण्याची वेळ आली, यातूनच शर्यतीच्या टॅसची गोची समजते.

शर्यतीची अडचण

शर्यत बघण्यातला मुख्य आनंद पुढे कोण जाईल या हुरहुरीचा. टॅसमध्ये ती पहिल्या वळणावरच संपते. संगणकाने चालवलेल्या गाड्या काही सेकंदांत मागे पडतात आणि पडद्यावर एकटी गाडी उरते. निकाल आधीच ठाऊक असतो.

दुसरी अडचण फेऱ्यांची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. १९९० च्या ‘एफ-झीरो’मध्ये १५ ट्रॅक आणि प्रत्येकी ५ फेऱ्या, म्हणजे ७५ फेऱ्या. १९९२ च्या ‘सुपर मारिओ कार्ट’मध्ये २० ट्रॅक, ५ फेऱ्या, म्हणजे पुऱ्या शंभर. मारिओ उड्या मारत जातो तेव्हा प्रत्येक पाऊल नवी जागा दाखवते. गाडी मात्र तीच जागा पाच वेळा दाखवते. शिवाय टॅसच्या अचूकपणामुळे दुसरी, तिसरी, चौथी फेरी जवळजवळ सारखीच होते. माणसाच्या खेळात निदान चुका वेगवेगळ्या असतात.

तिसरी अडचण नवख्याला सुचणार नाही. टॅसमधली खेळकर करमणूक बरीचशी रिकाम्या वेळेतून येते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’मधल्या उडत्या जहाजांच्या पातळ्यांत पडदा आपल्याच गतीने सरकतो. तिथे घाई करून उपयोग नसतो, म्हणून मोरिमोटोने तो वेळ शत्रूंच्या डोक्यांवर नाचत जादा जीव गोळा करण्यात घालवला. लोकांना त्या चित्रफितीतले तेच प्रसंग आठवतात. शर्यतीत असा रिकामा क्षण नाही. प्रत्येक फ्रेम वेळेला बांधलेली. शर्यत सुरू व्हायच्या आधीची उलटी मोजणी सोडली तर कर्त्याला हात-पाय हलवायला जागाच नसते.

या अडचणीचे टोक बघायचे तर पेन आणि टेलर या अमेरिकी जादूगारांच्या ‘डेझर्ट बस’कडे जावे. १९९५ साली बनलेला आणि त्या वेळी बाजारात न आलेला हा थट्टेचा खेळ. टूसॉनहून लास व्हेगासला बस न्यायची, खऱ्या वेळेत, ताशी ४५ मैलांच्या वर वेग नाही, रस्ता सरळ. बस उजवीकडे किंचित ओढते, म्हणून स्टिअरिंग सोडूनही चालत नाही. आठ तासांनी एक गुण मिळतो. तिथे जगातला सर्वांत कुशल टॅसकर्तासुद्धा एक मिनिट वाचवू शकत नाही. साधन आहे पण त्याला करायला कामच नाही. गंमत अशी की २००७ पासून माणसे हाच खेळ धर्मादाय निधीसाठी दिवसचे दिवस खेळून दाखवतात आणि लोक आवडीने बघतात. अर्थात तिथे ते बस बघत नसतात, बस चालवणारी माणसे बघत असतात.

शुद्ध रेषेचा पक्ष

पहिला पक्ष म्हणतो की शर्यतीचा टॅस म्हणजे वाहन चालवण्याची पराकाष्ठा. वळणाची कड कुठे गाठायची, ड्रिफ्ट, म्हणजे गाडी आडवी घसरवत वळवणे, कुठे सुरू करायचा, छोटा वेगझटका कोणत्या फ्रेमला सोडायचा, यात कौशल्य आणि सौंदर्य दोन्ही आहे. भिंतीतून आरपार जाऊन फेरी चुकवणारा ग्लिच त्यांना नको असतो. रस्ता जसा आखला आहे तसाच धावायचा आणि तरी अशक्य वाटणारी वेळ काढायची.

या पक्षाचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘स्नेकिंग’. २००५ च्या ‘मारिओ कार्ट डीएस’मध्ये ड्रिफ्ट करताना डावी-उजवी बटणे झटपट दाबली की छोटा झटका मिळे. मग खेळाडूंनी सरळ रस्त्यावरही सापासारखी नागमोडी चाल सुरू केली. टॅसमध्ये ही नागमोड इतकी घट्ट होते की गाडी थरथरत पुढे जाते आहे असे वाटते. २००८ च्या ‘मारिओ कार्ट वी’मध्ये निन्टेन्डोने झटक्याचा नियमच बदलला. बटणांच्या झटपट दाबण्याऐवजी ड्रिफ्ट किती टिकवला यावर तो मिळू लागला आणि सरळ रस्त्यावरचे स्नेकिंग निरुपयोगी झाले. दोन्ही खेळांचे टॅस शेजारी ठेवून बघितले तर एका नियमाने धावण्याचा पोत कसा बदलतो ते दिसते. खेळ बनवणारा आणि खेळणारा यांच्यातला हा न बोललेला संवाद आहे, आणि मला तो रोचक वाटतो.

या पक्षाचा दुबळेपणा त्यांनाही मान्य आहे. नवख्या डोळ्याला ०.३ सेकंदाची सुधारणा दिसत नाही. मैफलीत जाणकाराने मान डोलवावी आणि शेजारच्याने आजूबाजूला बघावे, तसे होते. खरीखुरी गाडी चालवल्याचा भास देणाऱ्या ‘ग्रॅन टुरिस्मो’सारख्या खेळांत तर ही अडचण आणखी वाढते. तिथे उत्तम माणूस आणि उत्तम टॅस एकाच रेषेवर धावताना दिसतात, फरक फक्त घड्याळात असतो.

रस्ता मोडणाऱ्यांचा पक्ष

दुसऱ्या पक्षाला आखलेल्या रस्त्याशी काही देणेघेणे नाही. त्यांचे म्हणणे असे की खेळाचा खरा नियम ट्रॅकचे चित्र सांगत नाही, आतला कोड सांगतो. कोड काय तपासतो? बहुतेक शर्यतींच्या खेळांत गाडी प्रत्येक क्षणी कुठून गेली याची नोंद फेरी मोजण्यासाठी वापरतच नाहीत. ट्रॅकवर न दिसणाऱ्या रेषा आखलेल्या असतात, तपासणी-नाकी म्हणा. ती ठरावीक क्रमाने पार झाली की फेरी पुरी. मधला रस्ता तुम्ही चाललात की नाही हे कुणी विचारत नाही.

मग शोध सुरू होतो: कमीत कमी नाकी गाठून खेळाला फेरी झाली असे कसे पटवायचे? ‘मारिओ कार्ट वी’मधल्या ग्रम्बल व्होल्कॅनो या ट्रॅकचा शॉर्टकट यासाठी प्रसिद्ध आहे. सुरुवातीच्या रेषेजवळच्या खडकांवर उड्या मारून गाडी अशा जागी नेतात की खेळाचा नाक्यांचा हिशेब चुकतो आणि फेऱ्या काही सेकंदांत उडतात. ‘मारिओ कार्ट ६४’च्या रेनबो रोडवर सुरुवातीलाच कठड्यावरून उडी मारून खालच्या रस्त्यावर उतरता येते. तीन फेऱ्यांना नेहमी जवळजवळ सहा मिनिटे लागणारा हा ट्रॅक आहे आणि या उडीने प्रत्येक फेरीचा मोठा तुकडा गाळता येतो. पहिल्यांदा बघणारा इथे हमखास हसतो. गाडी दरीत पडते, चुकले असे वाटते आणि ती नेमकी रस्त्यावर उतरते.

पण याही पक्षाला मर्यादा आहे. शर्यत चार सेकंदांत संपली की शर्यत उरत नाही, कोडे सुटले एवढेच उरते. एकदा सुटलेले कोडे दुसऱ्यांदा कोण बघणार? आणि वेगाला वेसणच नसेल तर? २००३ चा ‘बिग रिग्ज’ हा ट्रकच्या शर्यतीचा खेळ याचे टोकाचे उदाहरण. घाईघाईत बाजारात आलेल्या या खेळात ट्रक इमारतींतून आरपार जातो, मूळ आवृत्तीत प्रतिस्पर्धी जागचा हलतच नाही, आणि मागे जाताना वेगाला मर्यादाच नाही. बटण सोडले की क्षणात शून्य. गेमस्पॉट या खेळांची परीक्षणे करणाऱ्या संकेतस्थळाने त्याला दहापैकी एक गुण दिला. वेग हीच करमणूक असती तर हा इतिहासातला सर्वांत थरारक खेळ ठरला असता. त्याच्यावर लोक हसतात, पण ते खेळाला, खेळणाऱ्याला नव्हे.

या दोन पक्षांच्या मधे २००३ चाच गेमक्यूबवरचा ‘एफ-झीरो जीएक्स’ उभा आहे. त्यातला टॅस आधी नागमोडीने वेग साठवतो, मग तो साठा घेऊन ट्रॅकच्या बाहेर झेपावतो आणि आकाशातून उडत पुढच्या नाक्याला टेकतो. इथे चालवणेही आहे आणि रस्ता मोडणेही. दोन्ही बाजूंचे लोक हा टॅस आवडीने बघतात आणि मला वाटते त्याचे कारण साधे आहे: झेप कुठून येणार हे नागमोड बघतानाच कळू लागते. हुरहुर परत येते, फक्त ‘कोण जिंकेल’ची जागा ‘आता कुठे सुटेल’ घेते.

खेळकरांचा पक्ष

तिसरा पक्ष लहान आहे. वेळेचा विक्रम थोडा सोडला तरी चालेल, पण प्रतिस्पर्धी पडद्यावर राहिले पाहिजेत, अशी त्याची भूमिका. ‘मारिओ कार्ट’च्या ग्रां प्रीमध्ये मागे पडलेल्या गाड्यांना खेळ स्वतःच पुढे ओढतो. शिवाय वाटेत मिळणारी शस्त्रे यादृच्छिक असतात, पण ही यादृच्छिकता गणिती असल्यामुळे टॅसकर्ता ती वळवतो. कोणत्या फ्रेमला पेटीला धडकायचे हे ठरवले की हवे तेच शस्त्र हाती येते. असा टॅस कार्टूनसारखा बघता येतो. फक्त ‘मुद्दाम हळू गेलेला स्पीडरन’ ही कल्पना बऱ्याच जणांना पटत नाही आणि हा वाद व्याख्येपाशी येऊन थांबतो. इथे फार रेंगाळण्यासारखे नाही.

माणसाच्या मापाचा पक्ष

चौथी बाजू गेल्या दशकात बळावली. तिचे म्हणणे असे की टॅस एकटा बघूच नये. त्याच्या शेजारी माणूस हवा. शर्यतीच्या खेळांत याची सोय पूर्वीपासून आहे. ‘सुपर मारिओ कार्ट’मध्येच आपल्या मागच्या धावेचे भूत आपल्याबरोबर धावते. त्याच कल्पनेचा विस्तार म्हणजे टॅस आणि मानवी विक्रम एकाच पडद्यावर दाखवणे. कुठल्या वळणावर माणूस किती मागे पडला हे दिसले की ०.३ सेकंदालाही शरीर मिळते.

याचा दुसरा फायदा उलट दिशेचा. टॅसमध्ये आधी दिसलेली युक्ती पुढे माणसे हाताने करू लागतात. ‘मारिओ कार्ट ६४’च्या चोको माउंटनवर सुरुवातीच्या रेषेपाशी भिंत पार करून फेरी काही सेकंदांत आटोपण्याची युक्ती बराच काळ यंत्राचीच मानली जाई. मग कुणीतरी ती हाताने एकदा साधली, आणि मग पुन्हा पुन्हा. समनिंग सॉल्ट या नावाने विक्रमांचे माहितीपट करणाऱ्याने अशा कथांना मोठा प्रेक्षक मिळवून दिला. त्याच्या चित्रफितींत टॅस हे दूरचे शिखर असते आणि माणसे वर्षानुवर्षे त्याच्याकडे चढत असतात. ‘मारिओ कार्ट वी’चे लोक टॅसच्या वेळेला ‘विक्रम’ म्हणतच नाहीत. ‘बेस्ट नोन टाइम’ म्हणतात, आजवर ठाऊक असलेली सर्वांत कमी वेळ. शब्द साधा आहे, पण विक्रम माणसाचा असतो आणि मर्यादा खेळाची, हा भेद त्यात नीट पकडला आहे.

हा भेद पुसला की काय होते ते २०२१ मध्ये दिसले. नादेओ या फ्रेंच कंपनीचा ‘ट्रॅकमेनिया’ हा २००३ पासून चालत आलेला खेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांवर चालतो. तिथे गाड्या एकमेकींना धडकत नाहीत, त्यामुळे एकाच ट्रॅकवर हजार धावा एकत्र दाखवता येतात आणि गाड्यांचा लोंढा बघायला लोक गर्दी करतात. २०२१ मध्ये जुन्या विक्रमांच्या नोंदवलेल्या फायलींतले स्टिअरिंगचे आकडे तपासले गेले. काही नामवंतांची वळणे खेळ संथ केल्याशिवाय जमणारच नाहीत अशी निघाली. ज्या साधनाने उघडपणे केलेल्या कामाला लोक दाद देत होते, तेच साधन गुपचूप वापरल्यावर ती लबाडी ठरली. धावण्यात फरक नव्हता, सांगण्यात होता.

सिद्धांताच्या अंगाने

फ्रेंच विचारवंत रोजे काय्वा याने १९५८ मध्ये खेळांच्या चार प्रवृत्ती सांगितल्या: चुरस, नशीब, सोंग आणि गरगर. शर्यतीत चुरस आणि गरगर एकत्र असतात. टॅस चुरस आणि नशीब दोन्ही काढून घेतो, गरगर मात्र वाढवतो. म्हणून शर्यतीचा टॅस शर्यतीपेक्षा आकाशपाळण्याच्या जवळ जातो. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ मध्ये खेळाची व्याख्या केली ती अनावश्यक अडथळे स्वेच्छेने ओलांडण्याची धडपड अशी. त्या कसोटीवर टॅस बनवणे हा निःसंशय खेळ आहे: अडथळे आहेत, महिनोन्‌महिने धडपड आहे. फक्त ती धडपड चित्रफितीत दिसत नाही. कितव्या प्रयत्नात हे जमले तो आकडा टॅसबरोबर देण्याची प्रथा आहे, ती बहुधा याच उणिवेची भरपाई.

आपल्या रसविचाराची भाषा वापरायची तर मला असे दिसते. शर्यतीचा स्वाभाविक रस वीर, त्याचा स्थायीभाव उत्साह, आणि उत्साहाला समोर तुल्यबळ प्रतिपक्ष लागतो. टॅसने प्रतिपक्षच नाहीसा केल्यावर वीर टिकत नाही. उरतो अद्भुत, ज्याचा स्थायीभाव विस्मय. आणि विस्मयाची खोड अशी की तो दुसऱ्या फेरीला अर्धा होतो, तिसऱ्या फेरीला सरतो. फेऱ्यांची अडचण सर्वांत मोठी असे मी वर म्हटले ते यासाठी. शेजारी माणसाचे भूत धावू लागले की थोडा वीर परत येतो.

काय अजून सुटलेले नाही

घड्याळाचा प्रश्न जुना आहे आणि शर्यतीत तो विशेष टोचतो. खेळाला स्वतःचे घड्याळ असते. टॅसव्हिडिओजसारखे संग्रह मात्र यंत्र सुरू झाल्यापासून शेवटचे बटण दाबेपर्यंतचा वेळ मोजतात. त्यामुळे शेवटच्या सरळ रस्त्यावर बटणे सोडून देऊन गाडी नुसत्या साठलेल्या वेगाने रेषेपार घरंगळू दिली, तर संग्रहाच्या हिशेबात वेळ वाचतो आणि खेळाच्या घड्याळात वाया जातो. शर्यतीचा शेवट गाडीने घरंगळत करावा का? दोन्ही बाजूंना तर्क आहे. बघणाऱ्याच्या बाजूने बोलायचे तर रेषा जोरात ओलांडलेली बरी दिसते.

दुसरा प्रश्न कर्ता कोण हा. ‘ट्रॅकमेनिया’सारख्या खेळांत आता प्रोग्रॅमच स्टिअरिंगमध्ये बारीक फेरफार करत रात्रभर लाखो धावा तपासतो आणि सर्वांत जलद ती ठेवतो. काहींना हे टॅसचे स्वाभाविक पुढचे पाऊल वाटते, काहींना यात कलाकारी संपली असे वाटते. वेळ सुधारते हे दोघांनाही मान्य आहे. पण अशा शोधातून आलेली धाव पाहताना ‘हे कुणाला सुचले?’ हा प्रश्न विचारता येत नाही, आणि टॅस बघण्यातला बराच आनंद त्याच प्रश्नात असतो.

तिसरा प्रश्न त्याहून अलीकडचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये सोनीच्या संशोधकांनी ‘ग्रॅन टुरिस्मो’मध्ये अव्वल मानवी चालकांना हरवणाऱ्या सोफी या कृत्रिम बुद्धिमत्तेची माहिती दिली. सोफी टॅस नाही. ती चूक पुसून मागे जात नाही, प्रत्यक्ष वेळेत, दुसऱ्या गाड्यांच्या गर्दीत चालवते. म्हणजे टॅसने गमावलेली चुरस तिच्याकडे आहे आणि मानवी हाताच्या मर्यादा नाहीत. अशा चालकाची शर्यत बघायला लोक येतील का, आले तर कशासाठी, यावर आताच मत देणे घाईचे होईल.

आणि प्रेक्षक कोण हे तर कुणी ठरवलेलेच नाही. तो ट्रॅक स्वतः शंभरदा खेळलेला माणूस आणि तो नावानेही न ओळखणारा माणूस, यांना एकच चित्रफीत दाखवून एकच प्रश्न विचारला जातो. उत्तरे जुळत नाहीत यात नवल नाही.

ज्या वाचकाने यातले काहीच पाहिलेले नाही त्याला एक सुचवतो. ‘मारिओ कार्ट ६४’च्या रेनबो रोडची एखाद्या चांगल्या खेळाडूची शॉर्टकटशिवायची धाव आधी शोधा आणि पुरी बघा, जवळजवळ सहा मिनिटांची. मधे कंटाळा येईल, तरी थांबू नका. त्यानंतर त्याच ट्रॅकचा टॅस लावा आणि पहिल्या दहा सेकंदांत कठड्याकडे नजर ठेवा.